विश्लेषण : कुणाला किराणा, कुणाला जयपूर, घरातल्या जुन्या कॅसेटी का जपायच्या?

दिवाळीआधी मोहोळसारख्या गावात घर आवरायला काढले, की माळ्यावरून एखादी पत्र्याची ट्रंक खाली येते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या असतात, पांढरट बुरशी धरलेल्या कॅसेटी असतात आणि त्यांच्या कव्हरवर आजोबांच्या अक्षरात ‘भीमसेन – तोडी’, ‘मन्सूर – रेडिओ’ अशा नोंदी असतात. हे ठेवायचे की भंगारवाल्याला द्यायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत पाच मिनिटांत होतो. ‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ हे त्यामागचे कारण. हे कारण अर्धेच खरे आहे. शास्त्रीय संगीतात रसिकांच्या आवडी एवढ्या वेगळ्या का असतात, त्या आवडींमुळे आजवर काय वाचले आणि घरातल्या संग्रहाचे नेमके काय करावे, याविषयी…

एकाच संगीतात आवडी इतक्या वेगळ्या का?

मोहोळपासून पंढरपूर सुमारे ४० किलोमीटर. या पट्ट्यात पं. भीमसेन जोशी बहुतेकांना प्रथम भेटतात ते अभंगांतून. त्यातल्या काहींना पुढे ख्यालाची गोडी लागते आणि मग आवडीनिवडी सुरू होतात. भीमसेनजींचा चाहता पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांना ‘अवघड’ म्हणतो. मन्सूरांचा चाहता किराण्याच्या संथ आलापाला ‘लांबण’ म्हणतो. आग्रा घराण्यावर जीव असलेल्याला दोन्हीकडे लयीचा झगडा कमी वाटतो.

या भांडणामागचे कारण वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या पुस्तकात मांडले. गाण्याचे दोन आधार, स्वर आणि लय. कोणते घराणे कशाला किती वजन देते, यावरून त्याची चाल ठरते. किराणा घराणे स्वराच्या टोकाला. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) एकेका स्वरावर रेंगाळत राग उलगडतात. आग्रा घराणे लयीच्या बाजूला. उस्ताद फैयाज खाँ यांची नोम-तोम, भरदार आवाज आणि बंदिशीच्या शब्दांशी चाललेला तालाचा खेळ ही त्याची ओळख. जयपूर-अत्रौली घराण्यात दोन्हींचा तोल सांभाळलेला. अनवट राग, पेचदार ताना आणि लयीला धरून चालणारा आलाप. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मन्सूर ही या घराण्याची ठळक नावे.

म्हणजे एखादा गायक ‘कंटाळवाणा’ वाटतो तेव्हा बहुधा आपण त्याच्याकडे जे मागत असतो, ते देण्याचा त्याचा इरादाच नसतो. स्वराची भूक असलेल्याला आग्य्राची लयकारी खडखडाट वाटते, लयीचा शौकीन किराण्याच्या आलापात चुळबुळ करतो. घराण्याच्या आतही हेच. किशोरी आमोणकरांनी जयपूरच्या शिस्तीत भावाला मोकळी वाट दिली. अनेकांना त्यातच गाणे सापडले, तर मोगूबाईंची तालीम प्रमाण मानणाऱ्या काहींना ते घराण्यापासून दूर गेल्यासारखे वाटले.

आपल्याकडे रचनाकार कोण आणि गायक कोण?

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा रसिक बेथोव्हन आवडतो की मोझार्ट यावर वाद घालतो. तिथे रचनाकाराने प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलेला असतो. बेथोव्हनच्या सिंफनीची एखादी ध्वनिमुद्रिका हरवली, तरी संहिता हातात राहते आणि दुसरा वाद्यवृंद ती पुन्हा वाजवू शकतो.

आपल्याकडे बंदिश रचणारेही आहेत. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’ या नावाने, तर कोल्हापूरचे पं. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ या नावाने बंदिशी बांधत. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी तर ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास रचना स्वरलिपीसह छापल्या. पण बंदिश चार ओळींची असते. त्या चार ओळींवर गायक जे तासभर उभे करतो ते त्या रात्रीपुरते असते. दुसऱ्या दिवशी तोच राग, तीच बंदिश, तरी गाणे वेगळे.

म्हणून आपल्या संगीतात ध्वनिमुद्रणाचे मोल निराळे आहे. गायकी कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रण नष्ट झाले की त्या मैफलीची संहिताच गेली.

ज्यांचा आवाज उरलाच नाही, त्यांचे काय?

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६). कोल्हापूर दरबारचे हे गवई ध्वनिमुद्रणाचा जमाना बराच काळ पाहूनही आपल्या गाण्याची एकही तबकडी मागे ठेवून गेले नाहीत. गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही तसेच. बालगंधर्वांच्या या गुरूचे वर्णन आठवणींत वाचायला मिळते, आवाज मात्र ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेब कसे गात असतील याचा अंदाज आज केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर यांच्या गाण्यावरून बांधावा लागतो. तिघांचे गाणे एकमेकांसारखे नाही. त्यामुळे तिघांचेही ध्वनिमुद्रण हाती असणे गरजेचे. एकाच शिष्यावर विसंबले, तर गुरूचे चित्र एकांगी होते.

तीन मिनिटांत राग कसा मावला?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. फ्रेड गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ तिथे आले आणि नोव्हेंबरात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. गाणे संपताच गोहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारतात. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी, यासाठी ही सोय होती, असे सांगितले जाते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना सुरू झाला.

सुरुवातीला मायक्रोफोन नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. १९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे हळुवार स्वरही टिपता येऊ लागले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. तासाचा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे विलंबित ख्याल बाजूला ठेवून द्रुत बंदिश, ठुमरी किंवा नाट्यपद निवडायचे. काहींना हा अन्याय वाटला. काहींनी याच मर्यादेत रागाचा अर्क काढला. अब्दुल करीम खाँ यांची १९३०च्या दशकातील झिंझोटीची ठुमरी हे त्याचे ठळक उदाहरण. गदगच्या एका मुलाने ती ऐकली आणि असे गाता आले पाहिजे म्हणून १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

एका छोट्या तबकडीचे बळ किती, याचे दुसरे उदाहरण केसरबाईंचे. त्यांच्या भैरवीचे साधारण साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्ण तबकडीत गेले आणि आज ते सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे.

एलपी आणि कॅसेटने काय बदलले?

लाँग प्लेइंग तबकडी, म्हणजे एलपी, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजते. आता विलंबित ख्यालाला जागा मिळाली. उस्ताद अमीर खाँ यांची १९६०ची एलपी प्रसिद्ध आहे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. इतकी संथ बढत ७८च्या तबकडीवर अशक्यच होती. म्हणजे अमीर खाँ यांची आवड घरोघरी पोहोचायला तंत्राचीही मदत झाली. उलट पं. द. वि. पलुस्कर वयाच्या ३४ व्या वर्षी, १९५५ मध्ये गेले. एलपीचा काळ त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या चाहत्यांकडे बहुतांशी छोट्या तबकड्या आणि आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे एवढाच ठेवा आहे.

कॅसेटने खरी क्रांती केली. तबकडी कंपनीच बनवू शकत होती. कॅसेट टू-इन-वनमध्ये घालून लाल बटण दाबले, की घरातला कोणीही ध्वनिमुद्रक झाला. आकाशवाणीवर १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होत असे. तो ऐकताना पूर्वी वही घेऊन बसणारे रसिक आता नव्वद मिनिटांची कॅसेट लावून बसू लागले. मंदिरातला उत्सव, गणेशोत्सवातली मैफल, मित्राच्या घरची बैठक हे सगळे कॅसेटीवर उतरले. याआधी हे काम स्पूल टेपरेकॉर्डर परवडणाऱ्या मोजक्या शौकिनांपुरते होते.

संग्राहकाच्या आवडीने काय वाचते?

कंपनी खपेल ते मुद्रित करते. सरकारी संस्था तिच्या नियमांत बसेल ते ठेवते. वेडा रसिक आपल्याला आवडेल ते साठवतो. म्हणूनच संग्राहकांच्या आवडी जुळत नाहीत, हे संगीताच्या पथ्यावर पडले. एकाने फक्त बालगंधर्वांची पदे जमवली, दुसऱ्याने केवळ आग्रा घराणे, तिसऱ्याने एकट्या कुमार गंधर्वांचा ध्यास घेतला. सगळ्यांनी लोकप्रिय नावांमागेच धाव घेतली असती, तर इतरांचे गाणे कुठेच उरले नसते.

एकाच कलाकारावर जीव टाकणाऱ्याचा संग्रह आणखी एक गोष्ट सांगतो. माणूस बदलतो आणि त्याचे गाणेही. मन्सूरांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवर मिरजेच्या नीलकंठबुवांनी दिलेल्या ग्वाल्हेर तालमीचा ठसा आहे. नंतर मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकल्यावर तेच गायक जयपूरचे झाले. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करत. १९४७ ते १९५२ या काळात क्षयाने त्यांचे गाणे थांबले आणि पुढे आले ते अगदी नवे गाणे. आजारापूर्वीचे आणि नंतरचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवले, की हा बदल कानाने कळतो.

संग्राहक एकत्रही आले. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून तबकड्यांचे क्रमांक, कलाकार आणि कंपन्या यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलेली तबकडी नेमकी कोणत्या काळची, हे ठरवायला अशा नोंदीच उपयोगी पडतात.

सगळे यूट्यूबवर आहेच, मग जपायचे कशाला?

यूट्यूबवर आज जे दुर्मीळ गाणे ऐकू येते, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी घरच्या ट्रंकेतूनच आले आहे. ट्रंक भंगारात गेली असती, तर ते तिथेही नसते. आणखी अडचणी आहेत. एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर चढते, रागाचे नाव चुकते, तारीख-ठिकाण नसते. जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेहमी ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झालेल्या नसत. त्या चुकीच्या वेगाने वाजवून चढवल्या, की गायकाची पट्टी बदलते आणि आवाज उगाच किनरा किंवा जड वाटतो. त्यावरून एखाद्याबद्दल नावड ठरवणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच. शिवाय चढवलेले गाणे कोणत्याही दिवशी काढून टाकले जाऊ शकते.

ट्रंक सापडली तर काय करावे?

पहिले काम म्हणजे काहीही वाजवायची घाई न करणे. प्रत्येक तबकडीच्या लेबलचा आणि कॅसेटीच्या कव्हरचा फोनवर फोटो काढावा. कव्हरवरील हस्ताक्षर हीच अनेकदा एकमेव नोंद असते. घरातले कोणी ज्येष्ठ हयात असतील, तर त्यांना शेजारी बसवून ही मैफल कुठली, साथीला कोण होते, कोणत्या वर्षीची, हे लगेच लिहून घ्यावे.

जुन्या ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि पडल्या की काचेसारख्या फुटतात. त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नयेत, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एलपीच्या बारीक सुईने त्या वाजवू नयेत. ७८ची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीवर उलट जाड सुई टेकवली, तर खाच कायमची खराब होते.

कॅसेटीच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चिपा असतात. त्या तोडल्या, की चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. फीत बुरशीने पांढरी झाली असेल, तर ती चालत्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये, कारण बुरशी यंत्रात बसते आणि पुढच्या कॅसेटीला लागते. फीत चिकटत असेल किंवा कवच मोडले असेल, तरी ती फेकू नये. स्क्रू असलेल्या नव्या कवचात जुनी फीत बसवता येते आणि हे काम करणारे तंत्रज्ञ अजून आहेत.

मोबाइल स्पीकरसमोर धरून मुद्रण करणे सर्वांत वाईट, कारण त्यात पंख्याचा आवाजही येतो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या छिद्रातून वायर थेट संगणकाला जोडावी. ‘एमपी ३’ ही ऐकण्यासाठीची प्रत आहे. जपण्यासाठी ‘वेव्ह’ फाइल, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. नव्वद मिनिटांची एक कॅसेट या दर्जात सुमारे दीड जीबी होते. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सुमारे ४० कॅसेटी बसतात. तीन प्रती कराव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. निवेदकाचे बोलणे, टाळ्या, मधली दाद यातले काही कापू नये. कोण गाते आहे आणि कुठे, याचा पुरावा तिथेच सापडतो.

आणि मूळ कॅसेट डिजिटल प्रतीनंतरही टाकू नये. उद्या याहून चांगले यंत्र येऊ शकते.

हे इंटरनेटवर टाकता येते का?

सरसकट नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यानंतर ते ध्वनिमुद्रण मुक्त होते. मात्र गीत आणि चाल यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात. पारंपरिक बंदिशींना ही अडचण सहसा येत नाही, नाट्यपदे आणि भावगीतांना येऊ शकते. मैफलीतल्या गाण्यावर कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो आणि तो ५० वर्षांचा आहे. केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कायद्यात सूट आहे. ते जगासाठी प्रसारित करण्याला नाही. म्हणून घरी जपायला हरकत नाही. अलीकडच्या मैफली सार्वजनिक करण्याआधी मात्र कलाकाराची किंवा वारसांची संमती घ्यावी.

घरात सांभाळणे शक्य नसेल, तर मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र (एनसीपीए) किंवा गुरुग्राममधील १९८२ साली स्थापन झालेले आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी अशा संगीताचे संग्रह असलेल्या संस्थांकडे आधी यादी पाठवून विचारणा करता येते. यादीशिवाय ट्रंक घेऊन जाण्यात अर्थ नाही. संस्थेलाही आपल्याकडे नसलेले काय आहे, हे आधी पाहावे लागते.

सुरुवात कुठून करावी?

ज्याला अजून कोणतेच घराणे जवळचे वाटत नाही, त्याने एकच राग निवडून तीन गायकांकडून ऐकावा. यमन, भूप किंवा तोडी हे सोपे पडतात. पहिल्यांदा फक्त स्वर कसा लावला आहे ते ऐकावे, दुसऱ्यांदा गायक समेवर कसा येतो ते पाहावे. आपला कान कुठे थबकतो, ते दोन-चार बैठकींत कळते. जो आवडला नाही त्याला वर्षभराने पुन्हा ऐकावे. अनेक जाणकारांची सर्वांत पक्की आवड आधीच्या नावडीतूनच तयार झालेली असते.

आणि ट्रंकेत शेवटपर्यंत शोधावे. भीमसेन-मन्सूरांच्या प्रती आणखी कुठे तरी असतील. पण त्याच कॅसेटींच्या तळाशी गावच्या भजनी मंडळाचा पहाटेचा काकडा, नागनाथाच्या यात्रेतले कीर्तन किंवा शाळेच्या गॅदरिंगमधले एखादे नाट्यपद असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात बहुधा नाही. त्या कॅसेटीवर कंपनीचे नाव नसते आणि कोणत्याही सूचीत तिची नोंद नसते. नोंद करायची, तर ती घरातल्यांनीच.